मधलं माणूस गेलं

मॅडम, तुम्ही गेल्याचं मला खालच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं.

तो कोणासाठी तरी गोळ्यांची पट्टी कापत होता. मान वर न करता म्हणाला, "ऊपर मत जाओ भैया, मैडम नहीं रहीं." आणि कात्री ठेवून गिऱ्हाईकाला विचारलं, "खाने के बाद वाली भी दूँ क्या?" मी तुमच्या जिन्यावर चढायला लागलो होतो. वर जावं की खाली यावं कळेना, म्हणून तिथंच बसलो. समोर भिलाईतल्या सुपेल्याचा बाजार चालू होता. एक बाई कोथिंबिरीवरून भांडत होती. मला तिचा फार राग आला. असा राग येण्यात काही अर्थ नाही हे मला माहीत आहे, पण आला.

जाण्याआधी तुम्ही म्हणाला होता, "थोड़े दिन छुट्टी पर हूँ, देवानंद. दिवाली के बाद मिलते हैं. बाबा को लेकर आना." मला वाटलं केरळात गेल्या असाल, तुमच्या गावी. तुम्ही रायपूरच्या दवाखान्यात होतात.

बाबाला घेऊन ये. त्या एका गोष्टीवर मी दिवस ढकलत होतो. माय मरायला टेकली होती तेव्हा बाबांनी मला फोन का केला नाही, हे ते तुमच्यासमोर बसून सांगणार होते. ज्या माणसानं जन्मात माझ्याशी तोंडातोंडी बोलणं केलं नाही, तो माणूस भंडारा जिल्ह्यातून गाडीत बसून दुर्गला उतरणार होता. ते यायला निघणार, आणि तुम्ही नाही.

हे दुसऱ्यांदा झालं, मॅडम. माझं माणूस गेलं, माती उरकली, आणि मला मागून कळलं. पहिल्या वेळी माय. आता तुम्ही.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "गुस्सा है? अच्छा है, बताओ." तर सांगतो. आहे गुस्सा. पहिल्याच दिवशी तुम्ही मला म्हणाला होता की ह्या खोलीतली गोष्ट बाहेर जात नाही, तुझं नावसुद्धा नाही. तेव्हा मला केवढा धीर आला होता! रसमड्याच्या कारखान्यात कोणाला कळलं असतं की हा डोक्याच्या डॉक्टरीणबाईकडे जातो, तर मला भट्टीजवळ उभं केलं नसतं. तुम्ही शब्द पाळला. इतका पाळला की तुमच्या घरी माझं नाव कोणाला माहीत नव्हतं. नंबर नव्हता. तुमच्या मुलीला वाटलं असतं कळवावं, तरी कोणाला कळवणार होती ती? तुमच्या धंद्याची रीत अशी, आमच्या घरची रीत तशी. दोन्हीकडून मीच राहून गेलो.

प्रार्थनेचा दिवस मेडिकलवाल्यानंच सांगितला. सेक्टरमधल्या तुमच्या क्वार्टरसमोर मंडप होता. आत सगळे मल्याळममध्ये बोलत होते, बाहेर शेजारची बंगाली, तेलुगू माणसं. मी फाटकाजवळ उभा राहिलो. मग हळूहळू तोंडं ओळखीची वाटायला लागली. कुरुदची ती सून, जिच्या सासूला तुम्ही आधी आत बोलवायच्या, चहा द्यायच्या, आणि मग सासू स्वतःच म्हणायची, "जा बहू, अब तैं गोठिया ले," तू बोलून घे आता. ती सून होती, सासूही होती. ट्रान्सपोर्टवाले सरदारजी होते, पूर्ण वेळ बाकावर डोळे मिटून बसणारे. आम्ही तुमच्या दारात किती वेळा खांद्याला खांदा लावून बसलो असू. पण तिथं एकमेकांना ओळख न दाखवायची सवय लागलेली. तीच इथंही चालू राहिली. सगळे तुमच्यासाठी आलेले, आणि कोणी कोणाजवळ जाईना. शेवटी सरदारजींनी मला पाण्याचा गिलास दिला.

"पहचान के हो?"

"हाँ जी, पहचान के."

"हम भी," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून रडले.

मॅडम, मी तिथं रडलो नाही. रडलो तर पुन्हा श्वास अडकेल, अशी भीती वाटत होती.

तुम्हाला माझ्या पहिल्या दिवसांचं आठवत असेल. मी कारखान्याच्या शेडमध्ये पडलो होतो. हातपाय बधिर, छाती फुटते की काय असं. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, छाती चांगली निघाली. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, आणि तुमचा पत्ता दिला. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. तुमच्या खोलीत इतकी पुस्तकं बघून मला वाटलं, इथं परीक्षा आहे. तुम्ही विचारलं, "एक से दस में, डर कितना है?" मी म्हटलं सात. पुढच्या वेळी आठ म्हटलं. त्याच्या पुढच्या वेळी नऊ, जरा छाती काढून. तुमचं तोंड उतरत चाललं. तुम्हाला वाटत होतं पोराचं बिघडत चाललंय. आणि मला वाटत होतं, मी किती सुधारतोय हे बाईंना दिसत कसं नाही. दहापैकी नऊ म्हणजे काय कमी मार्क आहेत का?

ते उलगडलं तेव्हा तुम्ही एवढ्या हसलात की तुम्हाला खोकला लागला. मग चष्मा पुसत विचारलं, "गाँव में क्या करते थे?"

"धान."

"खेत में पानी भरा रहता है ना? ज़्यादा हो जाए तो?"

"बांधी फुटते. बांधवाला खेत, वो बांधी."

"तो अब नंबर छोड़ो. रोज़ इतना बताना, बांधी में पानी कितना है."

तिथून मी आत आलो की तुम्ही तेच विचारायच्या. मी सांगायचो, घोट्यापर्यंत. कंबरेपर्यंत. कधी सांगायचो, आज फुटतेच. आणि तुम्हाला समजायचं. सिमेंटच्या क्वार्टरात वाढलेल्या बाईला बांधीचं पाणी समजायचं. तुम्ही एका रविवारी कुरुदच्या पलीकडे जाऊन धानाचं शेत बघून आला होता, हे मला फार नंतर कळलं. मला कोणीतरी आपल्यासाठी एवढं करतं ही गोष्ट सहन होत नव्हती. आजही होत नाही.

आणि ती हिंदी. मी हिंदीत फार नीट बोलायचो तुमच्याशी. "जी मैडम, ठीक है मैडम, आराम है मैडम." एक दिवस तुम्ही पेन खाली ठेवला.

"ये तो तुम सुपरवाइज़र को बता रहे हो. मुझे अपनी बोली में बताओ."

"आपको समझेगा नहीं."

"नहीं समझेगा तो पूछ लूँगी. तुम्हारा काम बोलना है, समझना मेरा धंधा है."

त्या दिवशी मी तुम्हाला पहिल्यांदा मायचं सांगितलं. "माय गेली, अन् मले कोनी सांगतलंच नाई." एवढं बोललो आणि पुढं बोलता आलं नाही.  पंखा फिरत होता.

आमच्या घरी बाबा आणि मी एकमेकांशी बोलत नसू. भांडण काही नव्हतं. रीतच तशी. बाबाही आज्याशी असेच. आम्ही दोघं सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसलेले असायचो, हाताच्या अंतरावर, आणि माय आत चुलीपाशी. बाबा आत बघून म्हणायचे, "त्याले विचार, बांधीवर गेल्ता का."

माय आतून, "गेल्ता का रे?"

"गेल्तो म्हून सांग."

"गेल्ता म्हणते."

"पानी किती हाय, विचार."

"तुमीच विचारा ना! इथं तं बसला हाय तुमच्या मांडीजवळ. मी का पोस्टमन आहो?"

बाबा मिशीत हसायचे. विचारायचे मात्र नाहीत. माय यायची, पदराला हात पुसत आमच्या मधे बसायची, आणि सगळं सुरू व्हायचं. रागावले की "तुया पोराले सांग", खूश असले की "आपल्या देवाले सांग". मला बाबांचं सगळं मायच्या आवाजात ऐकू यायचं. त्यांची माया, त्यांचा राग, आजही आठवलं तर मायच्याच गळ्यातून येतं.

भिलाईला आलो तेव्हाही तसंच. फोन मायच्या हातात, मागून बाबांचा आवाज, "त्याले म्हण, उनात नोको फिरू." बोरसीच्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी ते मागचं बोलणं ऐकायला कान लावून बसायचो. नकाशात बघितलं तर गाव काही फार लांब नाही. पण इथं दिवसभर हिंदी बोलून तोंड परकं झालेलं असायचं, आणि तो फोन आला की वाटायचं घरी आलो.

मग माय आजारी पडली. आणि खबर नेणारं माणूसच खाटेवर पडलं. फोन तिच्या उशाशी होता. बाबा तिच्या पायाशी. मामा, म्हणजे मायचा भाऊ, दवाखान्यात धावपळ करत होता. त्याला वाटलं बापानं पोराला कळवलं असेल. बापाला काय वाटलं, ते मला माहीत नाही. तेवढंच मला माहीत नाही. शेजारच्या काकांचा फोन आला तेव्हा ती गेलेली होती. मी पोचलो तेव्हा लोक वैनगंगेवरून परतत होते, ओल्या धोतरांनी. बाबा सपरीत बसले होते. माझ्याकडे बघितलं, आणि काकूंना म्हणाले, "त्याले पानी द्या."

बस. त्याच्यानंतर आमच्यात शब्द नाही. बोलणार कशातून?

तुम्ही हे सगळं ऐकलं आणि मग तुमच्या हातून ती गोष्ट झाली. रागानं नाही सांगत. तुम्ही समोर रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, समज बाबा बसले आहेत, विचार त्यांना, सीधे, अपने मुँह से. मी उठून उभा राहिलो. तुम्ही म्हणाला बैठो बैठो, पण बाबा खुर्चीवर असताना मी बसणार कसा? उभ्यानंच बोललो, रडलो, मोकळं वाटलं. तुमचे डोळे चमकत होते. म्हणाल्या, "अब असली में पूछ सकते हो."

मी तुमचं ऐकलं. गावाला फोन लावला, बाबांनी उचलला. मी एका दमात म्हटलं, "बाबा, मी देवा. माय बिमार होती तं मले कावून नाई सांगतलं?"

 गोठ्यातली घंटी तेवढी ऐकू आली. मग फोन ठेवल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन. "का बोल्लास बे बापाले? थो जेवला नाई कालपासून. शेतात जाऊन बसला हाय."

"मामा, मी फक्त विचारलं."

"तोंडावर विचारतेस? पोलीस आहेस का तू? कोनं शिकवलं तुले हे?"

मी तुमचं नाव नाही घेतलं, मॅडम. पण तुमच्याकडे येऊन मी खूप बोललो. म्हटलं, तुमच्या पुस्तकातला बाप वेगळा आहे. म्हटलं, तुम्ही माझा होता तेवढा बापही घालवला. पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. मला वाटलं तुम्ही समजावाल, की असं होतं, धीर धर, हाही इलाजाचा भाग आहे. शिकलेली माणसं असंच करतात.

तुम्ही म्हणालात, "ग़लती मेरी है. मैंने पूछा ही नहीं कि तुम्हारे घर में बात चलती कैसे है."

मग म्हणालात, "मुझे पढ़ाया गया है कि तीसरे के ज़रिए बोलना बीमारी है. मैंने मान लिया. तुम्हारी माँ बीमारी थी क्या?"

माझ्याशी चुकलो असं कोणी मोठं माणूस आजवर बोललं नव्हतं. ना मास्तर, ना ठेकेदार.  मीच तुम्हाला म्हटलं, "जाऊ द्या म्याडम." आणि तुम्ही मान हलवली, "नहीं, जाने नहीं देंगे. ये बताओ, माँ मायके जाती थी तब बाबा तुमसे बात कैसे करते थे?"

"तवा मामा यायचा."

"तो मामा को फोन लगाएँ? तुम कहो तो."

मामाशी तुमचं पहिलं बोलणं मला पाठ आहे. तुम्ही माझ्याकडून मराठी घोकून घेतली होती. "मामाजी, नमस्कार. मी देवाची मॅडम बोलते."

"म्याडम? पोरगा पुन्हा शाळेत जाऊन राह्यला का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी खूण केली, हो म्हणा. तुम्ही म्हणालात, "हाँ जी, थोड़ा-थोड़ा." मामा तेवढ्यावर खूश. शाळेची मॅडम म्हणजे सांगता येण्यासारखं माणूस. त्यानंतर त्यानं तुमचं बोलणं कधी टाळलं नाही.

तुम्ही बाबांना एकही प्रश्न पाठवला नाही. नुसतं विचारायच्या, बाबा जेवतात का, धान कसं आहे, बैलाचा पाय बरा झाला का. मामा ते नेऊन पोचवायचा, आणि तिकडून काहीतरी घेऊन यायचा. आधी नुसतंच "हाव, बरं हाय." मग जरा जास्त. आणि एकदा मामा म्हणाला, "आमचे भाऊजी विचारते, म्याडमले खोकला कावून हाय? अडुळसा पाठवू का म्हणते."

 मी हसत होतो, की बघा, माझी खबर नाही आणि बाईंच्या खोकल्याची चौकशी. बाबांनी तुम्हाला बघितलं नव्हतं, तुमचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता, मामानं सांगितलेलं तेवढं. मी तुमच्यासमोर तासन्‌तास बसायचो. मला तो खोकला कधी ऐकूच आला नाही, मॅडम. मी माझं ऐकत होतो.

तुम्हाला तेव्हा माहीत होतं का? मी विचारलं होतं ना, तुम्ही बऱ्या आहात ना? तुम्ही म्हणाला, "यहाँ तुम्हारी बात करते हैं." ते मला कधीच पटलं नाही. आमच्याकडे ज्याच्या घरी आपलं दुःख ठेवतो त्याच्या घरचं विचारतो. न विचारता नुसतं देत राहणं म्हणजे ओझं टाकून पळणं. तुम्ही म्हणायच्या, तो माझा कायदा आहे. मी म्हणायचो, मग तुमच्या कायद्यानं मी तुमचा कोण? तुम्ही हसून घड्याळाकडे बघायच्या. बाकी किती गोष्टी तुम्ही आमच्या रीतीनं वाकवल्या. सासूला आधी आत घेतलं, सरदारजींना न बोलता बसू दिलं, माझी बांधी शिकलात. एवढी एक नाही वाकवली. वाकवली असती तर मी रायपूरला आलो असतो. बाहेर बसलो असतो नुसता. त्रास दिला नसता.

दसऱ्याच्या सुमारास मामा फोनवर ओरडलाच. "म्याडम, हो म्हणते! भाऊजी हो म्हणते! तुमच्यासमोर सांगीन म्हणते, पोराले थितं बसवा. दिवाळी झाली का पाठवतो भाऊजीले."

मला काय झालं होतं त्या दिवशी! मी खुर्चीवरून उठलो, बसलो, उठलो. तुम्ही मात्र चष्मा काढून ठेवला. मग म्हणालात, "देवानंद, हो सकता है वो आकर भी न बता पाएँ. उसके लिए तैयार हो?"

"नाई."

"जवाब न मिले तो?"

"मले जवाब पायजे म्हणजे पायजे, म्याडम. त्याच्याबिगर मी नाई जगू शकत."

"यही तो. इसी पर बात करनी है. बिना जवाब के कैसे..."

मी तुम्हाला बोलू दिलं नाही. म्हटलं, आता कुठं तोंडापाशी घास येऊन राह्यला आणि तुम्ही काढून घेता. तुम्हाला खोकल्याची उबळ आली. पाणी प्यालात. म्हणालात, ठीक आहे, पुढच्या वेळी ह्याच्यावर भांडू. ते आपलं शेवटचं भांडण. त्यातलं तुमचं बोलणं माझ्यापाशी अर्धं राहिलं आहे. बिना जवाबाचं कसं, ते तुम्ही सांगणार होता. मी ऐकून घेतलं नाही.

तुम्ही गेल्याचं मी मामाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ "अरे बाप्पा, अरे बाप्पा" करत राहिला. मी म्हटलं, बाबाले नोको पाठवू आता.

"येऊ दे."

"मामा, पण कोनासमोर बसवू मी त्याहीले?"

"येऊ दे मी म्हणतो. पिशवी भरून ठेवली हाय त्यानं. आता थांबवलं तं थो मानूस पुन्हा नाई निघत. माया धान कापून पडला हाय, नाई तं मीच आलो असतो संगं. तिथं गेल्यावर काहीतरी होईन."

मामानं बाबांना काही सांगितलं नाही. मीही नाही. दुर्गच्या फलाटावर बाबा उतरले ते धुतलेल्या सदऱ्यात, दाढी करून. लग्नाला चालल्यासारखे. मी पायांना हात लावला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि कोणी आहे का म्हणून माझ्या मागं बघितलं. कोणी नव्हतं.

ऑटोत आम्ही दोघं मागं. बाबा ऑटोवाल्याला म्हणाले, "और कितना दूर है?"

मी ऑटोवाल्याला म्हटलं, "भैया, बता दो, पास ही है."

"बाबूजी, पास ही है," तो म्हणाला.

"इसकी नौकरी किधर है, पूछो."

"रसमड़ा बोलो."

"अरे, आप दोनों साथ में नहीं हो क्या?" तो आरशात बघत म्हणाला. बाबा मिशीत हसले, मॅडम. मायच्या वेळचं ते हसू. मला वाटलं, मामा म्हणत होता ते खरं, काहीतरी होईल.

तुमच्या जिन्यापाशी आलो. वर कुलूप दिसत होतं. मला तोंडातून काढता आलं नाही. मेडिकलवाल्यानं मला ओळखलं, बाबांकडे बघितलं, आणि तो बाहेर आला. "मैडम से मिलने आए थे? मैडम तो नहीं रहीं, बाबूजी."

बाबांनी टोपी काढली. जिन्यावर बसले. मग त्याला विचारत राहिले, तुटक्या हिंदीत. क्या हुआ था. बच्चे कितने हैं. आई आहे का त्यांची, तिला कोणी सांगितलं. तो एकेक सांगत होता. मला माहीत नव्हतं ते मला तिथं कळलं, की तुमची आई अजून आहे, आणि तिला अजून सांगितलेलं नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले.

मेडिकलवाला दुकानात गेला. आम्ही दोघंच राहिलो.  लोक येत होते, जात होते. बाबा कुलपाकडे बघून म्हणाले, "म्याडम रायत्या तं सांगतलं असतं."

मी त्यांच्या पायाशी खालच्या पायरीवर बसलो होतो. मला राहवलं नाही. हळू म्हटलं, "मले सांगा ना, बाबा. मीच हावो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, खरंच हलले, मी बघितले. मग त्यांची नजर दुकानाकडे गेली. तिथं गिऱ्हाईकं उभी होती. रस्त्याकडे गेली. पुन्हा वर कुलपाकडे. ते माणूस शोधत होते, मॅडम. त्यांना सांगायचं होतं. पोटातून वर आलेलं होतं, आणि ठेवायला समोर कोणी नव्हतं. मी तिथं असून नव्हतो. मी त्यांना दिसतच नव्हतो त्या कामासाठी. एवढा मोठा माणूस इतका असहाय झालेला मी आधी बघितला नव्हता, माय गेली तेव्हाही नाही.

मग ते उठले, टोपी घातली, आणि मला विचारलं, "वापसची गाडी केवा हाय?"

बाबांनी जन्मात मला थेट विचारलेली ती पहिली गोष्ट.

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. माझ्या खोलीवर येत नाही म्हणाले, म्हणजे ऑटोवाल्याला म्हणाले, "टेसन." गाडी सुटेपर्यंत खिडकीतून ते समोरच्या फलाटाकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे.

त्या दिवसापासून पाणी कुठवर आहे ते कोणी विचारत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या एकांचा पत्ता दिला आहे, चांगले आहेत म्हणतात. मी अजून गेलो नाही. गेलो तर ते विचारतील एक से दस में. मी काहीतरी सांगून देईन.

मामाला मी म्हटलं, आता तूच विचार त्यांना, तुला तरी सांगतील. तो धान टाकून बाबांकडे गेला, सपरीत रात पडेपर्यंत बसला. काल त्याचा फोन आला.

"नाई सांगत बे, देवा. लय विचारलं. म्हणते, थे म्याडमपुढं सांगाचं होतं, आता नाई निघत."

मॅडम, तुम्हाला समजलं नसतं तरी चाललं असतं. बाबा आमच्या बोलीत बोलले असते, तुमच्याकडे बघून. तुम्ही नुसती मान हलवली असती. आणि मी बाजूला बसून ऐकलं असतं.